खंडेनवमीचं गॅस्केट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पाटी आहे. 'येथे तेल सांडू नये. ही फरशी आहे, तवा नव्हे.' ती कुणासाठी लावली हे विचारायची कुणालाच गरज पडली नाही, कारण तेलाचा डाग फक्त आमच्या गाडीखाली होता आणि पाटीही नेमकी आमच्या गाडीसमोरच्या खांबावर होती. पुण्यात कुणाचं नाव घेऊन बोलायची पद्धत नाही. मी तर घरातही नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नापासून 'हे' म्हणत आले, आता या वयात बदलायचं कशाला?

यांनी ती पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे." मग खांबाला धरून हळूहळू खाली वाकले आणि गाडीखाली डोकावून बघू लागले.

मला त्या पाटीचा राग आला होता, पण यांना खाली वाकलेलं बघून तो विसरलेच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. सौम्य म्हणजे नेमकं काय ते ज्याच्या घरात येतो त्यालाच कळतं. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची थरथर मात्र मागे राहिली. यांनी कप बशीवर ठेवला की स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं.

आणि हात कुणाचा, तर ज्याने खडकीच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासनीस म्हणून केली त्याचा. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही हे बघायचं, मापात असला तर पुढे पाठवायचा, नसला तर बाजूला काढायचा. घरीही तीच नजर. माझ्या पोळ्यासुद्धा लग्नानंतर बरीच वर्षं तपासून घेतल्या जायच्या. गाडीला तर यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. रविवारी सकाळी बॉनेट उघडं, आत डोकं, आणि तोंडाने शीळ. ती शीळ बेसूर होती आणि मी तसं अनेकदा सांगितलंही होतं. झटका आल्यापासून ती बंद झाली तेव्हा घर सुनंसुनं वाटायला लागलं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी डाव्या हाताची सवय करायला सांगितली होती. माणूस जिद्दीचा. दाढी डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने, आणि मग एक दिवस जेवताना चमचाही डाव्या हातात घेतला. आमच्या माहेरी डाव्या हाताने जेवणाऱ्याला ताटावरून उठवत. पहिले काही दिवस मी यांच्या ताटाकडे बघायचंच टाळलं. आजारपण आहे, चालायचंच, असं मनाला समजावलं. देवघरात मात्र मी ती सवलत दिली नव्हती. तिथे उजवाच हात, मग कितीही थरथरो. यांनीही ते पाळलं होतं.

गाडी त्या दिवसांत नुसती उभी होती. मी ती अधूनमधून धुवायचे, हे खाली येऊन इंजिन सुरू करून ठेवायचे, एवढंच. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. आधी मोकळ्या मैदानात चालवून बघा, सोबत कुणीतरी ठेवा, जमलं तर जवळपास जा, असं त्यांचं म्हणणं. यांनी किल्ली काही हातात घेतली नाही. बंगळुरातून मुलगा दर फोनला सांगायचा, "बाबा, विकून टाका आता. कॅब मागवली की दारात येते." हे "बघू" म्हणायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे.

तर त्या दिवशी यांनी गाडीखाली पुठ्ठा पसरला. दुसऱ्या दिवशी त्यावरचा डाग बघून, बॉनेट उघडून, हातबॅटरीच्या उजेडात तपासणी झाली. तेल गाळायचा फिल्टर ज्या डब्यात बसतो त्याला हाउसिंग म्हणतात. ते इंजिनाला बोल्टांनी जोडलेलं असतं आणि दोघांच्या मध्ये रबराचं एक गॅस्केट असतं. ते जुनं झालं की तेल पाझरतं. प्रेशर कुकरच्या रिंगसारखंच हे, असं मला सांगितलं गेलं. मी म्हटलं, "मग रिंग बदला." गंमत म्हणूनच बोलले होते.

यांनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "हे काम मी स्वतः करणार. माझ्या हातून नीट झालं तर गाडी ठेवायची आणि मी चालवायची. नाही झालं तर विकायची. त्यानंतर या विषयावर कुणी बोलायचं नाही."

मी बरं म्हटलं. मला गाडीचं फारसं काही नव्हतं. मला बस चालते, रिक्षा चालते. पण हे काम हातून सुटलं तर गाडीबरोबर आणखी काय काय सुटेल याची मला भीती वाटत होती.

अष्टमीच्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. तेल काढून घेतलं, मग बोल्ट. पाना डाव्या हातात. उजवा हात नुसता टेकवायला. मी शेजारी बॅटरी धरून उभी. प्रत्येक बोल्ट निघाला की स्टीलच्या झाकणात, ज्या जागेचा त्या जागेवर ठेवायचा, अशी मला ताकीद होती. दोनदा पाना निसटला, एकदा बोटाला खरचटलं, पण हाउसिंग सुटून बाहेर आलं. जुनं गॅस्केट अगदी कडक झालं होतं, चपलेच्या जुन्या पट्ट्यासारखं. हे ते उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. खूश होते.

ते गॅस्केट घेऊन आम्ही रिक्षाने नाना पेठेत गेलो. दसऱ्याच्या खरेदीची गर्दी, झेंडूचे ढीग रस्त्यावर आलेले. यांचं ठरलेलं दुकान पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात असलेल्या एका मुसलमान कुटुंबाचं आहे. मालकांनी गॅस्केट हातात घेतलं, यांच्या हाताकडेही बघितलं. नुसतं विचारलं, "काका, काम कुणाकडे देताय?"

"मीच करतोय."

"मग चांगलं देतो. मेकॅनिककडे देणार असतात तर कुठलंही चाललं असतं."

"दोन द्या," हे म्हणाले. "एक बसवायला, एक चुकायला."

"आपण कधी चुकलात?" मालक म्हणाले, आणि तरीही दोन काढून दिली. मला ते फार आवडलं.

घरी येऊन यांनी इंजिनाची बाजू घासून लखलखीत केली, हाउसिंगची खाच साफ केली. गॅस्केट या खाचेतच बसतं. तोवर उजेड कमी झाला. बल्बच्या प्रकाशात यांनी आयुष्यात काही तपासलेलं नाही. म्हणाले, "उद्या सकाळी बसवू."

मी म्हटलं, "उद्या खंडेनवमी."

खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. एकदा बसली की दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत. यांच्या कारखान्यात त्या दिवशी मशीन धुऊनपुसून, हार घालून बंद ठेवत. गणपतीत एकवेळ सुट्टी चुकेल, पण खंडेनवमीला यांनी कधी पान्याला हात लावलेला नाही. तेव्हा गाडी उघड्या इंजिनाने एक दिवस राहणार हे ठरलं. वरून चादर घातली. पाटीच्या शेजारी ती चादर बघून येणारे-जाणारे काय म्हणाले असतील ते असो.

नवमीला सकाळी पाटावर लाल कापड घातलं. यांचे पाने, पक्कड, हातोडी, माझी विळी, कात्री. यांनी गाडीचं ते हाउसिंगही आणून मधोमध ठेवलं. मी बघितल्यावर म्हणाले, "तेही यंत्रच आहे. आणि सध्या त्याला गरज जास्त आहे."

यांनी हळदकुंकू वाहिलं. उजव्या हाताच्या अनामिकेने. बोटं कुठे टेकायची नि कुठे टेकत होती. पक्कडीचं कुंकू विळीला लागलं. मग मी अक्षतांची वाटी पुढे केली आणि यांनी डावा हात पसरला.

"उजवा," मी म्हटलं.

माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच. मग डावा हात मागे घेतला आणि उजवा पुढे केला. मी त्यात अक्षता घातल्या. हाताला ते नुसते तांदूळही पेलवेनात. पाटापर्यंत पोचायच्या आधीच निम्म्या उडाल्या. पान्यांवर, हाउसिंगवर, माझ्या पदरात, फ्रिजखाली. हे हसले आणि म्हणाले, "सगळ्यांनाच मिळाल्या." मला हसू आलं नाही.

दसऱ्याला सकाळी पूजा हलवली. एरवी गाडीचा कुठलाही भाग बसवायच्या आधी यांचा नेम ठरलेला असतो. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसायचा, जोरात फुंकर मारायची, उजेडात धरायचा, मग बसवायचा. पण कुंकू वाहिलेल्या वस्तूला पेट्रोलचं फडकं लावायला यांचं मन होईना. फुंकरही मारली नाही, पूजेतल्या वस्तूवर कुणी फुंकर मारत नाही. एकेक दाणा डाव्या हाताच्या चिमटीत धरून उचलला आणि फुलांबरोबर निर्माल्यात ठेवला. नंतर हाउसिंग नुसतं अलगद पुसून घेतलं. मी शेजारीच होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

गॅस्केट बसलं. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळत आणले. नवं तेल भरलं, इंजिन सुरू केलं, खाली वाकून बघितलं. कोरडं. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि हे चालकाच्या जागेवर जाऊन बसले. किल्ली लावताना हात थरथरायला लागला तशी मी वाकून ती पटकन लावून दिली. घराजवळच्या मोकळ्या मैदानाला एक फेरी मारून आलो. हळूच, पण नीट. परत येताना शीळ सुरू झाली. तीच, बेसूर. मी खिडकीतून बाहेर बघत डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुरीएवढा डाग होता.

यांनी तो बघितला. पुठ्ठा घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर आले, किल्ली खिळ्याला लावली आणि मुलाला फोन केला. "तू म्हणत होतास तो तुझा मित्र, त्याला गाडी दाखवायला बोलाव. येत्या रविवारी. गळती आहे हे आधीच सांग, आणि ती त्याने दुरुस्त करून घ्यावी." झालं. कुणी मेलं नव्हतं की काही नव्हतं, पण त्या दिवशी आमच्याकडे टीव्हीसुद्धा लागला नाही.

गाडी गेली असती तर मी सहन केलं असतं. पण यांनी दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावायला मला बोलावलं. दाढी करायची टाळली. जेवताना डाव्या हातातला चमचा खाली ठेवून म्हणाले, "नको, भूक नाही." जो हात शहाण्यासारखा कामं करायला लागला होता, त्यालाही यांनी रजा दिली. मग एका दुपारी पाने वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले, भंगारवाल्याला द्यायला. ते बघितलं आणि माझं डोकं तापलं.

"काय चुकलं ते बघितलंत का?" मी विचारलं.

"माहीत आहे काय चुकलं ते." यांनी उजवा हात वर करून दाखवला.

"हा संशय झाला. कारण नव्हे. कारखान्यात तुम्ही असा माल बाद केला असतात? नुसता मशीनवाल्याच्या तोंडाकडे बघून?"

यांचा एक नियम होता आणि तो मी लग्नापासून ऐकत आले होते. का बिघडलं हे कळल्याशिवाय काहीही भंगारात टाकायचं नाही. हाताखालच्या पोरांना सांगायचे, घरी मुलाला सांगायचे, जळलेल्या भाजीच्या निमित्ताने मलाही सांगितलेलं होतं. मी त्यांचाच नियम त्यांना ऐकवला, शब्दाला शब्द. वर म्हटलं, "रविवारी खुशाल विका. पण उघडून बघितल्याशिवाय नाही."

शेवटी वर्तमानपत्र बाजूला झालं. "बॅटरी घे," हे म्हणाले.

पुन्हा तेल काढलं, पुन्हा तेच झाकण, त्याच जागा. पहिला बोल्ट सोडताना यांना जोर लावावा लागला. दुसऱ्यालाही तेवढाच. सगळे झाल्यावर स्वतःशीच म्हणाले, "बोल्ट तर सारखे आवळलेत." आवाजात आश्चर्य होतं. हाउसिंग बाहेर काढलं, उलटं केलं, गॅस्केट नखाने उचललं. त्याला एका जागी खड्डा पडला होता, आणि त्या जागी, खाचेत, काहीतरी तपकिरी चिकटलेलं होतं.

यांनी ते तळहातावर घेतलं. मी बॅटरी जवळ नेली. लांबट, फुगलेलं, एका टोकाला अजून थोडं लालसर.

"तांदूळ आहे," मी म्हटलं.

"होता," हे म्हणाले. "आता तळून निघालाय."

आम्ही दोघं त्या दाण्याकडे बघत उभे राहिलो. मग हे शांतपणे म्हणाले, "म्हणजे हातानेच झालं. सांडल्या त्या याच हाताने."

"तुम्ही डावा पुढे केला होतात," मी म्हटलं. "मी उजवा करायला लावला."

"पुसला असता तर निघाला असता. पुसला नाही तो मीच."

"कुंकू होतं म्हणून नाही पुसलात. तेही माझ्याच धाकाने."

यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग बाद कुणाला करायचं?"

"मला करा," मी म्हटलं. "पण पाने गुंडाळू नका."

दुसरं गॅस्केट खणात होतंच, चुकायला म्हणून आणलेलं. या वेळी पेट्रोलचं फडकं, आणि फुंकर अशी की माझ्या डोळ्यांत धूळ गेली. खाचेतून बोट फिरवलं, मलाही फिरवायला लावलं. उजेड भरपूर होता. बोल्ट पुन्हा डाव्या हाताने आवळले गेले, समोरासमोर, थोडे थोडे. दुसऱ्या सकाळी पुठ्ठा कोरडा. त्याच्या दुसऱ्या सकाळीही कोरडा. मग मुलाला फोन झाला. "मित्राला सांग, गाडी विकायची नाही." मुलाने विचारलं, "काय झालं होतं बाबा?" हे म्हणाले, "पूजा जरा जास्त झाली होती."

रविवारी सकाळी हे तयार होऊन आले. दाढी केलेली, बटणं स्वतः लावलेली, एक चुकलेलं. मी ते दुरुस्त केलं नाही. "मैदानावर जाऊन येऊ," म्हणाले. "आधी कुंकू लाव गाडीला." दुरुस्तीनंतर पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना आमच्याकडे तसा रिवाज आहे.

मी ताम्हन घेऊन खाली आले. कुंकवाचं बोट मी ओढलं आणि अक्षतांची वाटी पुढे केली. यांनी उजवा हात पसरला. न सांगता, आपणहून. तो थरथरत होता, आणि माझ्यासाठी पसरला होता. मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर वाटी तशीच हातात राहिली. मग मी तो हात हळूच बाजूला केला आणि त्यांचा डावा हात धरून त्याच्या तळव्यावर अक्षता घातल्या.

"देवाला चालतं का?" यांनी विचारलं.

"देवाचं मी बघते. तुम्ही गाडीचं बघा."

यांनी बॉनेटवर अक्षता वाहिल्या. सगळ्या एका जागी पडल्या. मग वाकून बघितलं आणि फटीच्या तोंडाशी गेलेला एक दाणा उचलून खिशात टाकला.

आम्ही आत बसलो. आमच्या गाडीत किल्ली उजव्या बाजूला लागते, तिथे डाव्या हाताचा उपयोग नाही. यांनी ती उजव्या हातात घेतली. थरथर सुरू झाली, किल्ली खाचेभोवती खरखरत फिरली, लागेना. माझा हात पुढे जात होता, तो मी मांडीवर दाबून धरला. समोर पाटी होती. 'ही फरशी आहे, तवा नव्हे.' मी ती वाचत राहिले, पुन्हा पुन्हा, जणू पहिल्यांदाच बघते आहे अशी. शेजारी खरखर चालू होती. मग ती थांबली आणि इंजिन सुरू झालं.